चौघांच्या खुणेतला पाचवा

मी अकरावीला होतो तेव्हाची गोष्ट. नगरच्या जिल्हा वाचनालयातून शेरलॉक होम्सचे पुस्तक आणले होते. झेंडीगेटच्या आमच्या घरात लाईट गेली होती आणि 'द साइन ऑफ फोर'ची कथा मी दादीला आमच्या बोलीत सांगत होतो. थेम्स नदीवरचा बोटींचा पाठलाग, विषारी काटा फुंकून मारणारा अंदमानचा बुटका माणूस, लाकडी पायाचा जोनाथन स्मॉल, त्याने सांगितलेली आग्र्याच्या किल्ल्यातली हकीकत आणि शेवटी नदीत फेकून दिलेला खजिना. मी रंगात आलो होतो. दादी सुपारी कातरत ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिने एवढेच विचारले, "और वो मरा सो? उसका क्या हुआ?"

मला वाटले, ती लंडनच्या बंगल्यात मेलेल्या बार्थोलोम्यू शोल्टोविषयी विचारते आहे. "वो नहीं रे," ती म्हणाली, "आगरे का. अहमद."

मी म्हणालो, उसका क्या होना, मर गया. दादीने अडकित्ता खाली ठेवला आणि विषय संपला.

या गोष्टीला चाळीस वर्षे होऊन गेली. दरम्यान होम्सला मी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अनेक चेहऱ्यांत पाहिले. काही भाग पुतण्याने पुण्याहून आणलेल्या सीडीवर, काही संगणकावर. खरा होम्स कोणाचा, यावर रसिक हिरिरीने वाद घालतात. कोणाला ब्रिटनच्या ग्रॅनडा कंपनीच्या मालिकेतला जेरेमी ब्रेट हवा असतो, कोणाला रशियाचा वासिली लिवानोव, आणि आजच्या मुलांना विचाराल तर बेनेडिक्ट कंबरबॅचच्या पलीकडे कोणी नाहीच. नाकाची ठेवण, आवाजाची धार, पाइप ओढण्याची ढब यांवरचे हे वाद मलाही आवडतात. पण 'साइन ऑफ फोर'चे रूपांतर समोर आले की मला दादीचा प्रश्न आठवतो. प्रत्येक होम्स मी त्या प्रश्नासमोर उभा करून पाहिला. ते करण्याआधी पुस्तकात काय आहे हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांनी होम्स वाचला असेल तो भालबा केळकरांच्या मराठीतून आणि शाळकरी वयात. त्या वयात आपण सगळेच पाठलागावर नजर ठेवून पाने उलटतो.

होम्स आणि वॉटसन यांची पहिली भेट १८८७ च्या कादंबरीतली. होम्स या अनोळखी डॉक्टरला पाहताच ओळखतो की हा अफगाणिस्तानातून आला आहे. वॉटसन १८८० च्या मैवंदच्या लढाईत जखमी झालेला लष्करी डॉक्टर. आपल्याकडे आदराने उच्चारला जाणारा 'गाझी' हा शब्द त्याच्या निवेदनात 'खुनी' अशा अर्थाचे विशेषण लावून येतो. म्हणजे या दोस्तीची सुरुवातच आपल्या परिचयाच्या, पण पलीकडून पाहिलेल्या मुलुखापासून होते. 'साइन ऑफ फोर' ही दुसरी कादंबरी, १८९० ची. यात तर हिंदुस्थान थेट बेकर स्ट्रीटवर येतो.

१८५७ चा उठाव चालू आहे. गोरे लोक आग्र्याच्या किल्ल्यात आश्रयाला आहेत. (मी आग्रा पाहिले नव्हते; वाचताना डोळ्यांसमोर आमचा भुईकोटच यायचा. तोच खंदक, तीच गोलाई. १८०३ मध्ये वेलस्लीने घेतलेला आणि १९४२ नंतर मौलाना आझादांनी जिथे कैदेत 'गुबार-ए-खातिर'ची पत्रे लिहिली तो आमचा किल्ला.) किल्ल्याच्या एका आडबाजूच्या दारावर स्मॉल पहारा देतो आहे. त्याच्या हाताखाली दोन शीख शिपाई आहेत. त्यांची नावे काय? महोमेट सिंग आणि अब्दुल्ला खान. तिसरा साथीदार दोस्त अकबर, तोही शीखच! आपल्या वाचकाला इथे हसू येईल. कॉनन डॉइलने हे लिहिताना हिंदुस्थान पाहिलेला नव्हता आणि त्याच्या वाचकांनीही नव्हता. दाढी-पागोट्याच्या माणसाला हाताला लागेल ते नाव दिले तरी लंडनमध्ये चालून जात होते.

उत्तरेकडचा एक राजा दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे. आपल्या जवाहिराची पेटी तो व्यापाऱ्याच्या वेषातल्या विश्वासू नोकराबरोबर आग्र्याला पाठवतो. नोकराचे नाव डॉइल लिहितो 'अचमेट'. हा आपला अहमदच. बुटका, गोलमटोल, मोठे पिवळे पागोटे, शालीत गुंडाळलेले गाठोडे घट्ट धरलेले आणि हात थरथरणारे. राजपुताना ओलांडून तो आला आहे. कंपनीचा मित्र म्हणून वाटेत लुटलो गेलो, मार खाल्ला, असे तो सांगतो आणि किल्ल्यात आल्यावर सुटकेचा श्वास टाकतो. स्मॉलही कबूल करतो की ते घाबरलेले तोंड पाहून आपला जीव क्षणभर कचरला. पुढच्याच क्षणी अहमद जीव घेऊन पळत येतो, स्मॉल त्याच्या पायांत बंदूक घालतो, तो कोलमडतो आणि मागून आलेला शिपाई सुरा चालवतो. किल्ल्यातल्या एका पडक्या दालनात त्याला विटांखाली गाडतात. पेटी उघडतात. आता नोंद पाहा: १४३ हिरे, ९७ पाचू, १७० माणके, आणि पुढे बरेच. एकूण एक खडा मोजलेला आहे. अहमदला बायको होती का, मुले होती का, कोठला राहणारा होता, याविषयी एक ओळ नाही. मग चौघे शपथ घेतात आणि तिथून 'चौघांची खूण' सुरू होते. त्या खुणेत अहमद नाही. तो पाचवा.

ही हकीकत ऐकताना होम्सच्या चेहऱ्यावर किळस दिसते, असे वॉटसन नोंदवतो. डॉइलला तेवढे श्रेय द्यायला हवे. पण हकीकत पूर्ण झाल्यावर होम्स काय म्हणतो? प्रकरणाचा शेवट छान झाला, आणि शेवटच्या भागात मला एकच गोष्ट नवी होती, ती म्हणजे तू दोर स्वतःचा आणला होतास. लंडनच्या छपरावरून सोडलेला दोर! विटांखालचा माणूस त्याच्या खटल्याचा भागच नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता. स्मॉल काळ्या पाण्यावर असताना ज्या होपटाऊनला राहतो, ते अंदमानातले खरे गाव. तिथेच ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेरअली आफ्रिदीने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा खून केला. त्याच बेटांवर मौलाना फज्ले-हक खैराबादी १८६१ मध्ये वारले. डॉइलच्या अंदमानात यांपैकी कोणी नाही. तिथे फक्त टोंगा आहे, तोही होम्सने कपाटातून काढलेल्या कोशातल्या नरभक्षक वर्णनाच्या मापाने कापलेला.

आता पडद्याकडे वळू. बी.बी.सी.ने १९६८ मध्ये पीटर कुशिंगला घेऊन मालिका केली. तिचे बरेच भाग नष्ट झाले, 'साइन ऑफ फोर' उरला. कुशिंग नेटका आहे, पाठ केलेला धडा म्हणावा तसा. त्याच्यावर जास्त रेंगाळण्यासारखे मला काही सापडले नाही.

जेरेमी ब्रेटचे तसे नाही. ग्रॅनडाने १९८४ पासून दहा वर्षांत ४१ भाग पडद्यावर आणले. होम्सच्या सवयींची जवळजवळ ऐंशी पानांची टिपणवही नट-दिग्दर्शकांसाठी तयार केलेली होती. अशा वहीतून सहसा पुतळा निघतो. ब्रेटने माणूस काढला. अचानक उडणारी बोटे, मध्येच विजेसारखे हसू, आणि त्यामागे एकटेपणाने पोखरलेला जीव. श्रीमंत अशील समोर असले की त्याचा चेहरा कंटाळतो आणि गांजलेली गव्हर्नेस आली की तो खुर्ची पुढे ओढतो. मला विचाराल तर दूरचित्रवाणीवर यापेक्षा चांगला होम्स झाला नाही. म्हणूनच त्याचा 'साइन ऑफ फोर' मी जास्त अपेक्षेने पाहिला. २९ डिसेंबर १९८७ रोजी तो प्रथम दाखवला गेला. दिग्दर्शक पीटर हॅमंड. स्मॉलच्या भूमिकेत जॉन थॉ, जो त्याच वर्षी इन्स्पेक्टर मोर्स म्हणून घरोघरी पोचला होता. टोंगा झालेला किरण शाह हा नैरोबीत जन्मलेला, भारतीय वंशाचा ठेंगणा नट. चेहऱ्यावर रंगभूषेचा थर आणि वाट्याला गुरगुरणे.

थॉ उत्तम नट. त्याच्या खरबरीत आवाजात वीस वर्षांची कैद ऐकू येते. आग्र्याची हकीकत तो सांगू लागतो आणि आपण त्याचे होऊन जातो. चौघांशी केलेला करार त्याने पाळला, गोऱ्या अधिकाऱ्यांनी मात्र दगा दिला, हे त्याचे दुःख आपल्याला पटते. आणि इथेच मला घोटाळा दिसला. थॉ जितका चांगला अभिनय करतो तितका अहमद विटांखाली आणखी खोल जातो. खून ज्याने करवला त्याच्याच तोंडून आपण खून ऐकतो, आणि त्याच्यावर झालेल्या अन्यायाने डोळे ओले करतो. दोष थॉचा नाही, पुस्तकाच्या रचनेचाच आहे. पण ब्रेटचा होम्स, जो गव्हर्नेससाठी खुर्ची पुढे ओढतो, तोही इथे एक साधा प्रश्न विचारत नाही. मालिका पुस्तकाशी इमानदार राहिली, आणि हे इमान अहमदला महाग पडले.

रशियन मालिका १९७९ ते १९८६ या काळातली. लिवानोवचा होम्स शांत, थोडा मिश्कील, शेकोटीजवळ बसलेल्या चुलत्यासारखा. वॉटसन झालेला विताली सोलोमिन तर इतका गोड की दोघांना घरी जेवायला बोलवावेसे वाटते. दिग्दर्शक इगोर मास्लेनिकोव्हचे मन रहस्यापेक्षा या दोस्तीत आहे. इंग्रजांनाही ही मालिका भावली असावी. २००६ मध्ये लिवानोवला ब्रिटिश सन्मान मिळाला. १९८३ मध्ये 'साइन ऑफ फोर' केली तेव्हा त्यांनी नाव बदलले, 'आग्र्याचा खजिना'. शीर्षकात आग्र्याचे नाव घेणारे, म्हणजे माल कोठला होता हे दारावरच लिहिणारे, मी पाहिलेल्यांत हे एकटेच. पण खजिना म्हटले तरी अहमद येत नाहीच. पेटीला पत्ता मिळाला, हमालाला नाही.

मग २०१० मध्ये कंबरबॅच आला. हातात मोबाइल, अंगात लांब कोट, बोलणे मशिनगनसारखे. पहिल्याच भेटीत तो वॉटसनला विचारतो, अफगाणिस्तान की इराक? एकशे तीस वर्षांनी वॉटसन त्याच देशातून जखमी होऊन येऊ शकतो, ही गोष्ट लेखकांना चमत्कृती वाटली. आपल्याला तीत वेगळे काही ऐकू येईल. या मालिकेच्या चतुराईचा मी भोक्ता आहे, नाकारणार नाही. पुतण्याने दोन भाग दाखवले आणि तिसरा मीच मागून घेतला. पण ५ जानेवारी २०१४ रोजी आलेला 'द साइन ऑफ थ्री' पाहून मी अस्वस्थ झालो. चाराचे तीन झाले ते विनोदासाठी. वॉटसनचे लग्न आहे, होम्सचे भाषण आहे, हसून पोट दुखते. मूळ कथेतली नावे इथे तिथे पेरलेली आहेत. पण मेजर शोल्टो, जो डॉइलच्या पुस्तकात सोबत्यांना फसवून पेटी पळवणारा चोर आहे, तो इथे भाजलेला, अबोल, सन्माननीय वीर झाला आहे. त्याच्या हाताखालचे नवखे ब्रिटिश शिपाई अफगाणिस्तानात मारले गेले, त्यांपैकी एकाच्या भावाला सूड हवा आहे. तो भाऊ म्हणजे जोनाथन स्मॉल. आग्रा गेले, पेटी गेली, अहमद गेला. युद्ध तेवढे राहिले आणि त्या युद्धात मेलेले फक्त एका बाजूचे.

लोक म्हणतील, हलकीफुलकी मालिका आहे, कशाला एवढे मनावर घेता? मान्य. पण १८९० चा डॉइल, जो साम्राज्याचा निष्ठावंत होता, त्याने निदान एवढे लिहिले की आमचे अधिकारी चोर निघाले आणि हिंदुस्थानातून आलेली दौलत ज्या घरात गेली त्या घराला लाभली नाही. शोल्टोच्या बंगल्यातली ती भीती वाचून अंगावर काटा येतो. सव्वाशे वर्षांनंतरच्या शहाण्या, उदार, सगळ्यांवर विनोद करणाऱ्या लेखकांनी ती कबुलीही पुसून टाकली. नरभक्षक टोंगाचे ओंगळ चित्र त्यांनी टाळले हे बरे केले. पण चित्र काढून टाकताना भिंतच पाडली.

मला इथे आपल्याकडच्या एका मालिकेची आठवण होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ नंतरचे ते दिवस. मुंबईहून काही नातेवाईक नगरला येऊन राहिले होते. नाव विचारून माणसाची पारख व्हायचा काळ. त्याच वर्षी दूरदर्शनवर बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्षी' सुरू झाला. पुढे १९९७ मध्ये आणखी भाग आले. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपली सुकन्या कुलकर्णी. आमच्या घरात दाटीवाटीने बसून सगळे पाहायचे. मालिका दिसायला साधीच. सेट किरकोळ, कॅमेरा सुस्त, काही भाग तर पेंग आणणारे. पण रजित कपूरचा ब्योमकेश समोरच्याच्या बुटावरचा चिखल मोजत नाही. तो बसतो, चहा घेतो आणि ऐकतो. नोकराचे, घोडागाडीवाल्याचे, विधवेचे बोलणे त्याला मालकाच्या बोलण्याइतकेच लागते. स्वतःला तो डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो. हे सगळे मी त्या वेळी समजून पाहिले असे नाही. एवढे मात्र आठवते की त्या अर्ध्या तासात संशयाचे बोट आमच्याकडे वळेल अशी धास्ती कोणाला वाटत नसे, आणि मुंबईहून आलेले मामूही पाय मोकळे सोडून बसत.

ब्योमकेशचा जनक शरदिंदू बंद्योपाध्याय आपल्याला परका नाही. १९३८ मध्ये तो बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईला आला आणि १९५२ पासून पुण्यात राहिला. त्याची एक ब्योमकेशकथा तर महाबळेश्वरच्या हॉटेलात घडते. त्याचे 'आदिम रिपू' १९४६ च्या कलकत्त्यातल्या दंग्यांच्या छायेत सुरू होते आणि स्वातंत्र्याच्या पहाटे ब्योमकेश काळ्या बाजारातून आलेल्या नोटांची होळी करतो. स्मॉलही खजिना थेम्समध्ये फेकतो, पण तो दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून. दौलत दोन्हीकडे नष्ट होते. ब्योमकेशला मात्र ती कोणाच्या भुकेतून गोळा झाली हे ठाऊक आहे.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा 'साइन ऑफ फोर' पुन्हा काढले, या वेळी मूळ इंग्रजीतून, आणि एका परिच्छेदावर अडलो. अकरावीतला मी तो घाईत ओलांडला असणार. चौघे पकडले कसे गेले? होम्सच्या कितीतरी आधी, लंडनपासून हजारो कोस दूर, हा खून उघडकीला आलेला होता! राजा संशयी होता. अहमदवर नजर ठेवायला त्याने दुसरा नोकर मागावर पाठवला होता. तो सावलीसारखा अहमदच्या मागे आला. रात्री त्याला किल्ल्याच्या दारातून आत जाताना त्याने पाहिले. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आत गेला, शोध घेतला, अहमद कुठेच नाही. हे त्याला चमत्कारिक वाटले. त्याने एका सार्जंटला सांगितले, सार्जंटने वर कळवले, झडती झाली आणि प्रेत सापडले. भिंग नाही, पाइप नाही. आत गेलेला माणूस आहे कुठे, एवढा एकच प्रश्न धरून त्याने अख्खा किल्ला खणायला लावला, तेही १८५७ सालात, जेव्हा गोऱ्या पहारेकऱ्यावर बोट दाखवणारा देशी माणूस सकाळ पाहील याची खात्री नव्हती. डॉइलने त्याला नाव दिलेले नाही. मी पाहिलेल्या एकाही मालिकेत कॅमेरा त्याच्यावर थांबल्याचे मला आठवत नाही.

आमच्या शहराचे नाव अहमद निजामशाहाच्या नावावरून होते. २०२४ मध्ये ते अहिल्यानगर झाले. दादी त्याच्या कितीतरी आधी गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातच होते आणि मी ते तिला सांगितले नव्हते. २०२४ मध्येच के. के. मेननला घेऊन होम्सचा 'शेखर होम' हा हिंदी अवतार आला, बंगालमधल्या गावात बेतलेला. पुढेही येतील. त्यांतल्या कोणी आग्र्याला जायचे ठरवलेच, तर त्याने स्मॉलच्या तोंडून गोष्ट सुरू करू नये. दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या त्या बिननावाच्या नोकरापासून करावी: काल रात्री इथून एक माणूस आत गेला, पिवळ्या पागोट्याचा, हातात गाठोडे होते, तो कुठे आहे?